दोन बोटं

आमातितानमध्ये संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन हटत नाही.
इलारिया ओट्यावर ग्लास ठेवते,
म्हणजे मुरंब्याची रिकामी बरणीच, काठाचा टवका उडालेली.
टवका चुकवून लिंबाची फोड फिरवते,
बशीतल्या मिठात पालथी घालते.

टकीला दोन बोटं, मेलितोन सांगायचा.
पण कुणाची?
अगाव्हेची पाती तासून तासून त्याची झाली होती खुंटांसारखी.
त्याची दोन म्हणजे हिची तीन,
वर थोडी.

आठ वर्षांपूर्वी रोपं लावताना म्हणाला होता,
ही निघतील तेव्हा आपण म्हातारे असू.
निम्मं खरं झालं.

भाची सोड्याची बाटली उघडते.
फस्सकन अर्धा सोडा ओट्यावर,
मांजर खिडकीबाहेर,
"अगं, हळू!"
आणि मग हसू आवरत नाही दोघींना.

लिंबू बियांसकट पिळलेलं.
एक बी बुडबुडे धरून वर येते,
सुटते, बुडते,
पुन्हा वर.
इलारिया बघत राहते, बर्फ विरघळेपर्यंत.

"मला किती ओतू, मावशी?"

ती सोचीचा हात हातात घेते,
उलटा करते, सुलटा करते.
कोवळा आहे, शाईचा डाग आहे.

"तुला तुझी दोन."