आढं

चौऱ्याऐंशी हजार. कणकवली डेपोच्या कँटीनमध्ये
सव्वीस वर्षं उसळ-पाव वाढल्याचे.
बँकेतून काढून तांदळाच्या पिंपात ठेवले,
म्हणजे रोज हाताला लागतील
आणि कमी होतील तेही हातालाच कळेल.

थोरली डोंबिवलीहून फोनवर म्हणाली,
पत्रा घाल नि मोकळी हो.
पत्र्याखालीच तर उभी होते, ताई.
वर सर लागली की गिऱ्हाईक दोन म्हणायचं
आणि मी तीन वाढायचे.
घरात तरी मला ऐकू यायला हवं
कोण काय म्हणतंय ते,
म्हणणारं कोणी नसलं तरी.

तर कौलंच. जुनीच.
मी आणि जनू मेस्त्र्याची सून रेवती
खळ्यात बसून एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवायचो.
खणखणलं तर उजवीकडे,
भद्द बोललं तर डावीकडे.
दोन हजार दोनशे.
तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या पाठीत टकटक केलं.
"काकी, तुमी उजवीकडची हां."

त्याच दुपारी वरून जनू म्हणाला, "आढां गेलां."
पटाशी टोचली ती मुठीपर्यंत आत.
बाहेरून तेलपाणी केलेलं, आत माती.
वाळवीनं साल न दुखवता, सांडलवंड न करता
इतकं नीट खाल्लं होतं
की कँटीनमध्ये पोरं अशी जेवती
तर फडकं लागलं नसतं.

सागाचे अठ्ठावीस हजार सांगितले.
आम्ही दोघांनी एकाच वेळी परसातल्या फणसाकडे बघितलं
आणि एकाच वेळी नजर काढून घेतली.
त्याला सतरा धरले होते. बारके, पण होते.

जनू पडवीत बसून राहिला.
चहावर साय आली. मग म्हणाला,
"काकी, व्हडी चलात काय?"

विजयदुर्गच्या खाडीत मजीद होडेकरनं
बापाची होडी मोडायला काढलेली.
डिझेल, जाळी, न मिळालेला बांगडा, सगळं त्यानं सांगितलं,
न विचारता, होडीकडे पाठ करून.
मी घासाघीस करायला गेलेले.
पण तिथं भाव पाडायचा म्हणजे
मयताच्या घरी चहात साखर कमी म्हणायचं.
तो म्हणाला, साडेपाच.
मी म्हणाले, सहा.
जनूनं कपाळावर हात मारला.

तळाचा कणा, चोवीस फूट, ऐनाचा.
गिर्याच्या सड्यावरून टेम्पो आला
तेव्हा मागच्या टोकाला रेवतीची लाल ओढणी फडफडत होती.
कालवांचे पांढरे व्रण घासून गेले नाहीत.
तांब्याचे खिळे उपसले, भंगारवाल्यानं नऊशे दहा दिले,
त्यात चुलीकडच्या दाराच्या बिजागऱ्या आल्या.
खाऱ्या लाकडाला वाळवी शिवत नाही म्हणे.
जनू म्हणतो. बघू.

न्हाणीला अजून दार नाही, जुनं पातळ लावलंय.
आढ्याचं पाणी वळचणीला, अशी म्हण आहे,
पण वळचणीला पन्हळ लावायचीय अजून,
आणि पिंपात तांदूळ आहेत, वर अकराशे रुपये.
आढ्याकडे बघत पडणाऱ्याला आमच्यात आळशी म्हणतात.
मी पडते बघत.
दमट रात्री वरून सुक्या मासळीचा वास उतरतो,
मांजर खांबावर नखं लावून वर बघतं,
आम्ही दोघी वर बघतो.

गणपतीत मजीद आला.
वाकून आत शिरला, मग खूप वेळ वर पाहत राहिला.
"उलटी घातलीत," म्हणाला.
जनू खालच्या मानेनं सुपारी कातरत होता.
"हय पाणी वरसून येता," म्हणाला.

मी चहा ठेवला. गडबडीत साखर कमी पडली,
मला नंतर, माझा कप तोंडाला लावल्यावर कळलं.
त्यानं पूर्ण संपवला.
काही बोलला नाही.