चेंबर नंबर तीन

रात्री अडीचला वहीत तापमान लिहितो:
शून्य पूर्णांक चार. ओलावा चौऱ्याण्णव.
खाली सही, जी गारठ्याने दर तासाला
थोडी थोडी दुसऱ्याची होत जाते.

बाहेर पिंपळगावच्या बागांमध्ये शेकोट्या पेटल्यात.
निफाडला पारा पाचाच्या खाली गेलाय,
मणी तडकतील म्हणून माणसं
ओला पाला जाळून वेलींखाली धूर धरून बसलीत.
त्याच बागांमधली द्राक्षं आत आली
की मी त्यांच्यावर पंख्याने थंडी सोडतो.
पोट असं चालतं माझं.

हेमराजचा व्हिडिओ अशाच एका पाळीत आला.
हेमराज गांगुर्डे, मामेभाऊ,
कादवेच्या पाण्यात कमरेच्या वर कधी न गेलेला,
आता पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला
मासेमारीच्या जहाजावर आचारी आहे.
भात शिजतो रे, म्हणतो,
ताटात येईस्तोवर टिकत नाही.

लोखंडी डेकवर एक पसरट, मातकट काहीतरी.
मी विचारलं, घोंगडी वाळत घातलीय का?
"पाकट. गळाला चुकून लागली.
आठशे वावांवरनं वर आली."

पाठीवर काट्यांची ओळ, थेट शेपटीपर्यंत,
गोणी शिवणाऱ्याने घाईत घातलेल्या टाक्यांसारखी.
डोळे वर. त्यांच्यामागे दोन भोकं, उघडझाप करणारी.
मग कुणीतरी तिला उलटी केली:
पांढरं पोट, आणि त्यावर
पोराने पाटीवर काढावं तसं एक तोंड,
हसल्यासारखं.
हसत नव्हती, हे मलाही कळतं.
तरी तेवढाच तुकडा मी तीनदा पाहिला.

मोजमाप घेणाऱ्या एक बाई आहेत तिथे.
त्यांनी टेप लावली, पंखाला बिल्ला टोचला,
हातमोजा दाताने ओढून काढला
आणि आकडा लिहिला. वहीतच. माझ्यासारखा.
मग दोघांनी धरून तिला पाण्यात सोडली.
लगेच नाही गेली ती.
थोडी तरंगली, एक कड उचलली,
आणि पाणी तिच्यावर मिटलं.

आणखी एक फोटो होता:
काळी, चामड्याची पिशवी, तळहाताएवढी,
चार कोपऱ्यांना चार शिंगं.
"पाकटीचं पाकीट," हेमराज हसला. "अंडं आहे ते.
बाई म्हणतात, एवढ्या गार पाण्यात
पिल्लू तयार व्हायला वर्षं लागतात.
राखण कुणीच करत नाही.
आई कधीच निघून गेलेली असते."

चेंबरचं दार लावून मी बराच वेळ उभा राहिलो.
एकोणीस वर्षं मी थंडीला एकच काम सांगत आलोय:
थांबव.
देठ हिरवा ठेव. मणी तोडलेलाच आहे,
पण रॉटरडॅमपर्यंत त्याला ते कळू देऊ नकोस.
आणि तिकडे, जवळपास ह्याच आकड्यावर,
काळोखात, कुणी वही धरलेली नसताना,
तीच थंडी एका पिशवीत बसून
पंख विणते आहे.

माझी रेवा चार वर्षांची. अजून बोलत नाही.
डॉक्टर म्हणतात, बोलेल, घाई करू नका.
मी घाई करतो. रोज.
आई म्हण, पाणी म्हण, निदान नको म्हण.

सकाळी सातला घरी गेलो, बोटं अजून बधिर.
ती जागीच होती. काही न बोलता
तिच्यापुढे मोबाइल धरला.
तिने शेवटपर्यंत पाहिलं. पुन्हा लाव, असं बोटाने सांगितलं.
पुन्हा लावला.

मग तिने उजवा हात गादीवर पालथा पसरला,
पाचही बोटं जुळवून, अगदी सपाट.
थोडा वेळ तसाच ठेवला.
करंगळीकडची कड हळूच उचलली
आणि गोधडीखाली गेली.