दुसरा पेपर, साडेसातचा तास

झेरॉक्सवाल्याने यंदाही
अकराव्या पानाची उजवी कड खाल्ली.
गेली चार वर्षं माझ्या मुलांपुरता
तो जुना, नामांकित युक्तिवाद
‘म्हणून मन हे शरीराहून’ इथवर येऊन थांबतो
आणि पुढचं मी खडूने भरते.

वडाळा. रात्र महाविद्यालय, दुसरा मजला.
खालून गोदीचे ट्रेलर जातात
तेव्हा ट्यूबलाइटची पापणी लवते.
पटावर एकोणीस, हजर नऊ.
कुणी कुरिअरच्या पिशवीसकट, कुणी नर्सच्या बुटांत.
मागच्या बाकावर बँकेचा शिपाई
हळूच डबा उघडतो. मेथीचा वास
तत्त्वज्ञानात बसत नाही, असं कोण म्हणतं?

वाचू या, म्हणते मी.
पहिल्या पानावरचे गृहस्थ शेगडीपाशी बसलेत,
अंगात उबदार झगा, आणि शंका घेतायत:
हा हात माझाच कशावरून?
‘यांना कामावर जायचं नव्हतं का?’ ग्लेनिस विचारते.
वर्ग हसतो. मीही.
मग सांगते, रिकामपण हीसुद्धा एक प्रयोगशाळा असते,
आणि सांगता सांगता लक्षात येतं,
हे वाक्य मी दरवर्षी म्हणते,
याच जागी, याच हसण्यानंतर.
ते म्हणताना आत कुणी असतं का,
खात्री देता येणार नाही.

नोव्हेंबरात आम्ही त्या लेखाशी पोचलो:
दुसऱ्याच्या आत काय चाललंय, हे कळतं का?
तांडेल पहाटे भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडतो.
म्हणाला, मॅडम, माकुल मेलं तरी
बर्फावर बराच वेळ रंग पळतात त्याच्या अंगावरून.
तपकिरी, लालसर, मग पांढरंफटक, परत तपकिरी.
ते कुणासाठी?
लेखात याचं उत्तर नव्हतं.
माझ्याकडे तर नव्हतंच.
मी फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आणि मग रेहाना मुकादम, जी कधीच बोलत नाही,
वही मिटून बोलली.
अब्बांची दोन बोटं प्रेसमध्ये गेली,
शिवडीला, पत्र्याच्या कारखान्यात.
अकरा वर्षं झाली. थंडीत खाजतात.
‘कुठे खाजतात?’ मी विचारलं, मास्तरकीच्या सवयीने,
जणू उत्तराला दोन मार्क.
‘तिथेच. जिथे नाहीत तिथे.

ते हवेत खाजवतात, पण नेमकी जागा हुकते.
मग अम्मी हाताचं पीठ झटकत येते,
हवेतच बोटं नेते.
विचारते, इथे?
ते म्हणतात, जरा वर.
इथे?
हां.
मग थांबतं.’

ट्रेलर गेला. ट्यूबलाइट लवली.

माझ्या गठ्ठ्यात एकशे बारा पानं,
चारशे वर्षांची भांडणं,
दोन्हीकडचे वकील एकाहून एक.
आणि वेदना जिथे जिथे आली तिथे
एकट्याच माणसाची,
आतून कडी लावून बसलेल्या.
पीठ झटकून कुणी आलेलं
मला तरी कुठल्या पानात आठवेना.

शिपायाने डबा मिटला.
‘परीक्षेला येईल का हे?’ ग्लेनिस.
म्हटलं, लिहिलंत तर तपासीन.

एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका आल्या.
सहा जणांनी शेगडीवाल्या गृहस्थांबद्दल
गाइडातलं जसंच्या तसं लिहिलं.
तांडेलने समासात माकुल काढलं होतं,
दहाही पाय नीट मोजून.
त्याला मार्क द्यायची तरतूद नाही.
रेहानाच्या उत्तरात अब्बा नव्हते. अम्मीही नव्हती.
मुद्दे होते, क्रमांक घालून, अधोरेखित.
दहापैकी साडेआठ दिले.

मग बराच वेळ लाल पेन
कागदाच्या बाहेर, हवेत धरून बसले.
इथे?
जरा वर.