कासरा

चव्हाट्यावर फोन हातोहात फिरतोय.
दक्षिण ध्रुवाकडचं जहाज, काळं पाणी,
त्यात बर्फ, कण्या सांडल्यागत.
शिडीवर आमची वैजयंता,
कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर.
‘म्हशीगत बांधलेत की रे!’
येळ्ळूरचा अख्खा कट्टा हसला.

सातेरीमामा नाही हसले.
मळ्यातल्या विहिरीत त्यांनीच सोडलेली तिला,
सहा वर्षांची,
बैलाचा कासरा कमरेला आवळून:
‘मी धरलोय गं. घाल उडी.’

तिनं घातली.
नुसतं पाणी. पाणीच.
मग डोकं वर, तोंड उघडं,
किंकाळी की हसू, कळेना;
फोनचा स्पीकर कधीचा गेलाय.

चहा आला.
मामांनी डाव्या हातानं कप घेतला.
उजवी मूठ
सोडायची राहिली होती.