अर्धा तांदूळ

ओडेतबाईंनी आरशावर कागद चिकटवलाय:
प्रत्येकीला विचारा, नखं बळकट करायची का?
पस्तीस रेआल जादा.

मी विचारते. विचारायचाच पगार आहे.
पण हातात हात आला की जीभ अडते.
गिऱ्हाइकाच्या गळ्याला नख लावायचं
आणि त्याच नखाला वर लेप विकायचा,
रोज नाही जमत.

बेलेंमच्या या गल्लीत दुपारी पंखासुद्धा घामेजतो.
नोटरीची बायको येते, रंग दातांनी खरवडलेला,
म्हणते, कॅल्शियमचं लाव, केराटिनचं लाव,
नाहीतर दोन्ही लाव, घरी लग्न आहे.
लावते. वास डोळ्यांत उतरतो.
निल्तिन्यो नावाचा पोरगा येतो, गिटार वाजवणारा,
त्याला फक्त उजवा हात बळकट हवा,
तोही करंगळी सोडून.
"मग अर्ध्याहून कमीच ना पैसे?"
ओडेतबाई वही उलटीसुलटी चाळतात,
चार बोटांचा भाव कुठे लिहिलेला नाही.

जुरेमा मात्र आपणहून आली, मार्चात.
बाजारामागच्या शेडमध्ये खेकडे सोलते,
पहाटे चारपासून बोटं पाण्यात.
नखं भिजल्या पुठ्ठ्यासारखी,
पापुद्र्यावर पापुद्रा, कुठेही दुमडणारी.
ओडेतबाईंकडे पाठ करून
मी तिला खरं ते सांगितलं:
बाटलीतलं सगळं वरवर राहतं, बाई.
दिसतं ते नख मेलेलंच असतं,
जिवंत काय ते मुळाशी, कातडीखाली.
हातमोजे घाल.
ती हसली. "हातमोज्यातून कवचाची कपची कळत नाही.
मांसात एक राहिली तर किलोमागे पैसे कापतात.
लाव तुझा लेप."

लेप लावताना खाच दिसली.
दहाही नखांवर, आडवी, एकाच उंचीला,
नदीचं पाणी उतरल्यावर
घराच्या खांबांवर रेघ राहते तशी.

नख महिन्याला अर्धा तांदूळ वाढतं.
मुळापासून मोजलं: एक अख्खा तांदूळ.
म्हणजे जानेवारी.
जानेवारीत कधीतरी
हिच्या अंगानं नख घडवायचं काम टाकून दिलं होतं,
त्याला दुसरं काही निभवायचं होतं.

"ताप आला होता का गं?"
"ताप," ती म्हणाली.
मग पंख्याकडे बघत, "तापच म्हण."

खाच घासून गुळगुळीत करता येते,
आमच्या यादीत आहे, दहा रेआल.
तेवढं म्हटलं मात्र,
तिनं हात मागे घेतला, टॉवेलाखाली.
पुन्हा नाही विचारलं.

पंधरवड्याला एकदा यायची,
हाताला लिंबू चोळूनही खेकड्याचा वास.
मी लेप लावायची, ती खाच बघायची,
किती सरकली.
आम्ही बोलायचो भाड्याबद्दल,
तिच्या बहिणीच्या दातदुखीबद्दल.

आज सेंट जॉनच्या होळ्यांची लाकडं
गल्लीच्या तोंडाशी रचून ठेवलीत,
आणि खाच टोकाला आलीय.
मी कटर उचललं.
"अंगठे राहू देत," ती म्हणाली,
"अंगठे पुढच्या वेळी."

आठ कापली.
आठ कमानदार तुकडे पांढऱ्या टॉवेलवर.
तिनं डोळे मिटले
आणि त्यांच्यावरून हलकेच बोट फिरवलं,
मांसात कपची चाचपतात तसं,
एकदा, मग उलट दिशेनं पुन्हा एकदा.

ओडेतबाई गल्ल्यावरून वाकून म्हणाल्या,
"बघ! गुण आला की नाही?"
"आला," जुरेमा म्हणाली. पस्तीस मोजून ठेवले.
तुकडे टॉवेलवर होते की तिच्या मुठीत,
मी बघितलं नाही.

तेवढ्यात दारात निल्तिन्यो,
उद्या रात्री वाजवायचंय आणि अंगठ्याचं नख तुटलंय.
"एकाच बोटाचे किती?"