फेरीचा सूर

वाळवीचं औषध मारायला आलेला पोर म्हणाला, कपाट रिकामं करा,
तेव्हा ती पेटी खाली आली.
वर गोणपाट, त्यावर पालीची दोन अंडी,
कधीच फुटून गेलेली.
"मावशी, ह्यात काय?"
व्हायोलिन, म्हटलं.
"वाजतं?"
सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

लोक विचारत ते, का सोडलंस.
आणि मी प्रत्येकाला वेगळं कारण देई.
नणंदेला मुलांच्या शाळा,
आरोग्य केंद्रातल्या बायांना मानेचं दुखणं.
मेश्त सांतान एकदा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर भेटले,
त्यांना तर मी सांगितलं, वाजवते अजून,
रविवारी.
त्यांनी माझा डावा हात उलटा करून पाहिला.
बोटांची टोकं मऊ, लोण्यासारखी.
"बरें," म्हणाले.
तेवढंच.
फेरी लागली. मी मासळीची पिशवी घेऊन चढले.

खरं कारण असं नव्हतंच.
एका जत्रेला काढलं नाही, मग पुढच्याही,
मग पेटी पलंगाखालून कपाटावर गेली
कारण पलंगाखाली कांदे पसरायचे होते.

कडी गंजलेली. त्या पोरानेच स्क्रू ड्रायव्हरने उचकटली.
आत राळेचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा,
थोडा मेश्तांच्या घरातल्या मेणबत्तीचाही,
किंवा मला तसं वाटलं.
गजाचे केस किडीने खाल्लेले,
चार-पाच उरले होते
म्हातारीच्या हनुवटीवर असतात तसे.
एक तार तुटलेली, बाकीच्या सैल,
पण घोडी उभी.
कशाच्या जोरावर, देव जाणे.

पोर औषध मारून गेला. दोन तास आत जाऊ नका, म्हणाला.
मी सोप्यावर बसले, पेटी मांडीवर,
करायला दुसरं काही नाही.
खुंट्या पिळल्या, त्या फिरून मागे.
थुंकी लावली, खडू घासला,
दोन शिव्याही दिल्या.
पण सूर धरायचा कुठला?
तंबोरा नाही, हार्मोनियम नाही, मोबाइल आत विषात.

तेवढ्यात खाली फेरीने भोंगा दिला.

मेश्त ह्यावरच तार लावायला सांगत.
भोंगा किंचित उतरलेला असे, मी कुरकुर करी.
"फेरी तुज्या खातीर सूर बदलची ना, गो."
आता फेरी नवी आहे. भोंगाही नवा, चांगला चढा.
मी तो ऐकत खुंटी पिळत गेले
आणि हात मधेच थांबला,
त्या जुन्या, उतरलेल्या जागी.
पुढे जाईना.
मीही ढकलला नाही.

गज नव्हता, म्हणून बोटानेच छेडलं.
पहिला धडा, मेश्तांचा, चार सुरांचा.
तिसऱ्यावर अनामिका पोचली नाही.
परत. पोचली नाही. परत.
शेजारचा कुत्रा उठून गेला.
दोन तासांचे चार झाले,
परसात बांगडे उघडेच राहिले होते
आणि मांजराने त्यांचं काय केलं ते मी नंतर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कुडतरीला, फेलिसियानकडे.
तो शवपेट्या करतो, आणि गजाला केस भरतो.
"तीन दिवस लागतील."
मी म्हटलं, बसते.
बसायला अर्धवट झाकणाखेरीज काही नव्हतं,
त्यावरच बसले. सागाचा भुसा पदराला.
दुपारभर तो विंचरत राहिला पांढरे केस,
कुणाच्या तरी मुलीची वेणी घालावी तसा.
साडेतीनशे घेतले. राळेचा खडा वरून दिला.

शेवटच्या फेरीने दिवाडीला परतले.
पेटी उघडली नाही. लोक होते.
घरी सोलं भिजत घातली होती,
कढीसाठी कुस्करायला डावा हात घातला
तर चारही बोटं झोंबली,
तारांच्या रेघांवर आगळ चढलं.
उजवा हात मोकळा होता.
डावाच घालून ठेवला थोडा वेळ.