कडी जरा उचलून

गिरणेच्या पुलाअलीकडे, वजनकाट्याच्या मागे
लोखंडी जिना, आणि वर एक खोली.
विद्यापीठ पलीकडे, टेकडीवर.
हॉस्टेलच्या यादीत आमची तिघींची नावं
प्रतीक्षेत राहिली ती राहिलीच.

घरमालकानं किल्ली देताना एवढंच सांगितलं:
कडी जरा उचलून ओढायची, मग बसते.
पहिले आठ दिवस बसली नाही.
दाराला पाण्यानं भरलेलं पिंप लावून झोपलो,
म्हणजे कुणी ढकललं तर निदान आवाज तरी होईल.
मे महिन्यात त्याच पिंपात ओढण्या भिजवून
अंगावर घेतल्या.
भीतीपेक्षा ऊन मोठं असतं जळगावात.

निर्मला पावरा, धडगावच्याही आतली.
तिचे वडील रविवारी डोंगर चढतात,
वर एका सागाखाली रेंज येते म्हणून.
दम लागलेल्या आवाजात विचारतात, जेवलीस का.
ती हो म्हणते, तेवढ्यात कट.
साजेदा पिंजारी, यावलची. तिच्या घरून दर तासाला फोन.
ती म्हणायची, तुझ्या बापाचा डोंगर
थोडे दिवस आमच्या अम्मीला दे.
आणि मी पारोळ्याची. माझी आई अजून
फोनवर ओरडते, "पोचनी का व?"
जणू तिलाच आवाज ढकलत न्यायचाय एरंडोलपर्यंत.

तोच शब्द आम्ही घेतला.
ग्रुपवर फक्त तेवढंच टाकायचं: पोचनी.
फुलं नाहीत, सुप्रभात नाही.
काळीपिवळीत बसलं की गाडीचा नंबर,
उतरलं की: पोचनी.
निर्मला घरी पावरी बोलणारी, तिला अहिराणी परकीच,
पण तिचा 'पोचनी' सगळ्यांत आधी यायचा.

एका गुरुवारी साजेदाचा आला नाही.
साडेसात. आठ. साडेआठला फोन बंद.
अम्मीनं मला लावला, उचलत का नाही ती?
मी म्हटलं, आंघोळीला गेलीय.
खोटं इतकं सरळ बाहेर पडलं
की माझाच मला धाक बसला.

मेसवाल्या कोकिळाबाई तव्यावरची कळण्याची भाकरी टाकून
हातातल्या उलथण्यासकट आमच्याबरोबर निघाल्या.
पुलावर केळीचे ट्रक, एकामागे एक,
त्यांच्या दिव्यांत आमच्या सावल्या
कठड्यावरून खाली पडत होत्या.
खाली पाणी नव्हतं. वाळूच.

ती पलीकडे, पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसलेली.
रिक्षा बंद पडली, मग फोनची बॅटरी.
भिकनकाकांनी आपला फोन तिच्या हातात दिलेला,
आणि तिला एकही नंबर आठवत नव्हता.
एम.एस्सी. गणित. सतराचा पाढा घडाघडा.
"नऊ, आठ... पुढे काय गं तुझा?" म्हणून रडली,
घाबरून नाही, लाजेनं.
कोकिळाबाईंनी उलथणं उगारलं.
मग सगळेच हसलो, भिकनकाकासुद्धा.

त्या रात्री स्विचबोर्डच्या वर, पेन्सिलीनं,
आमचे तीन नंबर लिहिले,
खाली कोकिळाबाईंचा, त्याखाली पंक्चरवाल्याचा.
आणि अंधारात म्हणायला लागलो,
लहानपणी परवचा म्हणत तसे.
साजेदा म्हणाली, तुझ्यात शून्यं फार,
कंटाळवाणी आहेस.

खोली सोडून दोन वर्षं झाली.
निर्मला शहाद्याला शिकवते.
साजेदाचा नंबर बदलला. जुना मला पाठ आहे,
लागत नाही.

परवा रात्री अनोळखी फोन आला.
उचलू की नको, करत उचलला.
एक मुलगी, आवाज अगदी खाली ठेवून:
ताई, भिंतीवर तुमचा नंबर आहे.
मी आजच राहायला आलेय. एकटीच आहे.
दाराची कडी बसत नाहीये.

जरा उचल, म्हटलं. आता ओढ.
लोखंड वाजलं.
"बसली?"
"बसली."

नाव विचारायचं राहूनच गेलं.
नंबर तेवढा पाठ करतेय.
शून्य एकही नाही त्यात.